इंजिन चालू, हात खाली

लाल बटण दाबल्यापासून इंजिन पुरतं थांबेपर्यंत जो काही वेळ जातो, तेवढा वेळ धाकट्या जावयाला पळायला मिळायचा. त्या दिवशी तो पळाला नाही, कारण पळायच्या दारात थोरला जावई उभा होता. रोलरवर चढवलेल्या गाडीची चाकं मंदावली, फ्लायव्हीलचा शेवटचा फेरा संपला, आणि थोरल्याचा पंजा धाकट्याच्या कानशिलावर असा बसला की चष्मा आधी टेबलावर, मग टेबलाखाली आणि शेवटी स्टोअरकीपरच्या बुटापाशी जाऊन थांबला. स्टोअरकीपरने तो उचलला, काचांवर फुंकर मारली, स्वतःच्या खिशात ठेवला आणि तो टिंक्चर आयोडिनची बाटली आणायला निघाला. कारखान्यात सगळ्यात जास्त खप त्या बाटलीचा होता. ग्रीस दुसऱ्या नंबरावर.

"माझा टेस्टचा रन मध्येच थांबवतोस?" थोरला म्हणाला.

"दादा, सीटवरची थरथर मर्यादेच्या वर गेली होती. वर गेली की थांबवायचं, असं मामांनीच..."

मामा म्हणजे दोघांचे सासरे, कारखान्याचे मालक. त्यांचं नाव निघाल्यामुळे थोरल्याने उगारलेला दुसरा हात अर्ध्यावर थांबवला, क्षणभर विचार केला आणि तो पोटात मारला. तोंडावर मारलेलं मालकांना दिसतं.

"पुढच्या खेपेला माझ्या रनला बोट लावलंस ना इंजिनियर, तर ते बोट मोडून तुझ्याच हातात देईन."

इंजिनियर ही त्या कारखान्यात शिवी होती. धाकटा कॉलेजात शिकलेला होता, आणि ही गोष्ट त्याने लग्नाआधी लपवून ठेवलेली नसली तरी सासरी ती फसवणुकीतच जमा झाली होती.

इथे एक सांगायला हवं. या घराण्यात मारामारीला कधी कुणी भांडण म्हटलं नाही. मार म्हणजे विरामचिन्ह. चापट हा स्वल्पविराम, ठोसा हा पूर्णविराम, आणि पाना उचलला की समजायचं, नवा परिच्छेद सुरू झाला. मालक तरुणपणी लोहाराच्या भट्टीवर घण मारायचे, आणि पुढे कारखाना काढल्यावर घण सुटला तरी मारण्याची सवय सुटली नाही. मुली बापावर गेल्या. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. मालकांच्या पत्रिकेत दहावा आणि अकरावा असे दोन होते, आणि दोघांनाही मालकांनी साखरपुड्यातच एकेक थोबाडीत देऊन पारखून घेतलं होतं. थोरल्याने ती हसत खाल्ली. धाकट्याने "का?" असं विचारलं, म्हणून त्याला दुसरी मिळाली.

पण मारामारीला शिस्त होती. पूर्वी कधीतरी दोन फिटर चालू इंजिनाच्या शेजारी एकमेकांना भिडले. त्यातल्या एकाचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं, तो दणका सेन्सरने इमानेइतबारे टिपला, आणि पुढचे कित्येक दिवस अख्खा कारखाना इंजिनात नसलेला बिघाड शोधत बसला. बिघाड त्या फिटरच्या कवटीत होता. तेव्हापासून मालकांनी टेस्टच्या खोलीतल्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं: इंजिन चालू, हात खाली. नियम कडक होता. इंजिन फिरत असेपर्यंत कुणी कुणाच्या अंगाला बोट लावायचं नाही. दातओठ खायला मुभा होती. इंजिन थांबलं की मागची सगळी बाकी चुकती करायची. त्यामुळे त्या कारखान्यात इंजिनं फार वेळ चालायची. चाचण्या कसून होतात, असा बाहेर लौकिक होता.

आता ज्या कामापायी हे सगळं चाललं होतं ते काम असं. एका मोठ्या मोटार कंपनीने चार सिलिंडरचं एक इंजिन केलं होतं. सपाट रस्त्यावर, रमतगमत जाताना, चारही सिलिंडर राबवायची गरज नसते; तेव्हा त्यातली दोन झोपवायची. त्यांचे व्हॉल्व्ह बंद, पेट्रोल बंद, पिस्टन नुसते पाहुण्यासारखे वरखाली करणार. पेट्रोल वाचतं, कंपनी जाहिरात करते. अडचण एवढीच, की चौघांनी उचललेलं कपाट दोघांच्या खांद्यावर आलं की ते दोघं झोकांड्या खातात. जागी राहिलेली दोन सिलिंडरं दुप्पट जोराने आणि दुप्पट अंतराने हिसके देतात. ते हिसके स्टिअरिंगमधून मनगटात, सीटमधून माकडहाडात आणि तिथून थेट दातांत. वाचलेलं पेट्रोल आणि पडलेली दाढ यांचा हिशेब गिऱ्हाईक फार पटकन करतं. म्हणून कंपनीने हे इंजिन गाडीसकट मालकांकडे पाठवलं: हादरा घालवा.

तो घालवायच्या दोन तऱ्हा होत्या आणि जावईही दोन होते.

थोरल्याने फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकावर, लोलक बसवले होते. पोलादाची चार जाड वजनं, पिनांवर टांगलेली. इंजिनाने हिसका दिला की वजनं उलट्या दिशेला झुलणार आणि हिसका जिथे जन्मला तिथेच गिळणार. धाकट्याने लोलकांना हात लावला नाही. इंजिन ज्या रबरी पायांवर गाडीत बसतं, त्या माउंटिंगमध्ये त्याने विजेची गुंडाळी घातली. सीटखाली सेन्सर. सीटला धक्का पोचतोय असं दिसलं की माउंटिंग तेवढाच धक्का उलटा देणार. धक्क्याला प्रतिधक्का, की सीट शांत. या घरात वाढलेल्या माणसाला हे तत्त्व समजायला हरकत नव्हती, पण थोरल्याला ते पसंत नव्हतं.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," तो म्हणायचा. "आत इंजिन हातपाय आपटतंय आणि हा वरून गिऱ्हाइकाच्या ढुंगणाला गोंजारतोय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का रे?"

मालकांनी ठरवून टाकलं होतं. माडीवरच्या काचेच्या केबिनमध्ये एक खुर्ची होती. त्यांच्या मणक्याला ती आता सोसवत नव्हती. ज्याचा इलाज चालेल तो त्या खुर्चीत बसणार. दुसरा त्याच्या हाताखाली.

हाताखाली. हा शब्द धाकट्याच्या घशाखाली उतरत नव्हता. साडूसाडूंचं नातं मोठं विचित्र. रक्ताचं नाही, मैत्रीचं तर नाहीच. एकाच घराण्यात एकाच पद्धतीचा मार खाण्यातून जी काही ओळख होते तेवढीच. परक्याच्या हाताखाली माणूस जन्म काढतो. साडूच्या हाताखाली एक दुपारही लांबच लांब असते.

त्या संध्याकाळी त्याने पोटातल्या ठोशाबद्दल घरी सांगितलं नाही. पण त्याची बायको, धाकटी, त्या बापाचीच लेक. चालण्यावरून तिने ठोसा ओळखला, आणि बहुधा कोणत्या हाताचा तेही.

"तुम्ही परत दिला का?"

"तो दारात उभा होता."

"दारात उभा असलेल्या माणसाला मारता येत नाही?"

"अगं, मी माझं काम चोख केलंय. माझं माउंटिंग—"

पातेल्याचं झाकण त्याच्या डोक्यावरून गेलं आणि भिंतीवर आपटून घरभर गिरक्या घेत राहिलं.

"लहानपणापासून मी ताईचे उतरलेले फ्रॉक घातले," धाकटी म्हणाली. "ताईचे उतरलेले बूट. ताईने कुरतडलेल्या पेन्सिली. आता ताईच्या नवऱ्याच्या उतरलेल्या ऑर्डरी माझ्या नवऱ्याने घ्यायच्या? सांगून ठेवते, खुर्ची मिळाली नाही तर या घरात यायचं नाही. आणि आलातच तर हेल्मेट घालून या."

मग तिने त्याच्या पोटाला शेक दिला. तो शेक इतका गरम होता की तो प्रेमाने दिलाय की रागाने, हे त्याला ठरवता येईना.

मालकांची परीक्षा घेण्याची रीत वेगळी होती. स्क्रीनवर त्यांचा विश्वास नव्हता. ते स्वतः गाडीत बसायचे, डोळे मिटायचे, आणि विंडस्क्रीनमधून बोटांनी गुण दाखवायचे, दहापैकी. आजवर त्यांनी सातच्या वर बोटं उचलली नव्हती. नुसत्या लोलकांना त्यांनी सहा दिले. "चांगला आहे," ते थोरल्याला म्हणाले, "पण अजून कुणीतरी खालून गुदगुल्या करतंय." थोरल्याने त्या रात्री म्हणे आपल्याच गॅरेजच्या दाराला लाथा घालून बिजागऱ्या काढल्या.

शेवटच्या परीक्षेला मालकांनी फर्मान काढलं: दोन्ही एकदम लावा. आधी जोडीने बघतो, मग एकेक काढून बघतो, मग कळेल कोण किती पाण्यात आहे.

मालक गाडीत जाऊन बसले. अंगठ्याशी फाटलेले कापडी बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट. जाड काचेच्या अलीकडे, कंट्रोलच्या खोलीत, दोन्ही जावई. धाकटा स्क्रीनसमोर, त्याच्या उजव्या हाताशी लाल बटण. थोरला त्याच्या मागे, भिंतीला हात टेकून. इतका मागे, की धाकट्याला मानेवर श्वास लागत होता.

"आज बोट जागेवर ठेव," थोरला म्हणाला. "मागच्या वेळचं आठवतंय ना?"

"आठवतंय, दादा."

"इंजिन चालू आहे म्हणून गोड बोलतोय. थांबलं की काय ते तू बघ."

इंजिन सुरू झालं. मालकांनी हलकेच वेग घेतला, दोन सिलिंडरं झोपली, आणि सीटखालची रेघ स्क्रीनवर एकदा थरथरून सपाट झाली. चाटून पुसून ठेवलेल्या ताटासारखी. मालकांनी डोळे मिटले. सात बोटं. मग, बऱ्याच विचाराअंती, आठ.

धाकट्याच्या छातीत ऊब आली. त्याच वेळी त्याची नजर स्क्रीनच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे एक बारीक आकडा होता, जो त्याने स्वतःसाठी ठेवला होता: माउंटिंगला किती जोर लावावा लागतोय. सुरुवातीला तो ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता. आता अर्ध्याच्या वर गेला होता आणि सावकाश, वजनकाट्यावर कुणी हळूच पाय टेकवावा तसा, चढत होता.

सीट शांत होती. म्हणजे ती शांत ठेवायला माउंटिंगला जास्त जास्त झगडावं लागत होतं. म्हणजे आत काहीतरी पहिल्यापेक्षा जास्त हलत होतं. हे समजायला कॉलेजात जायची गरज नव्हती. पण तो आकडा वाचता येणारा माणूस त्या खोलीत एकच होता, आणि तो कॉलेजात गेलेला होता.

लोलक, त्याच्या मनात आलं. एखादी पिन सैल झाली असेल. चार वजनांतलं एक वेडंवाकडं झुलत असेल. बटण दाबायचं, फ्लायव्हील उघडायचं, बघायचं. साधी गोष्ट होती.

पण बटण दाबलं की इंजिन थांबणार. इंजिन थांबलं की हात मोकळे होणार. आणि मालक विचारणार, का थांबवलं? मग सांगावं लागणार, की मामा, तुम्हाला जे आठ वाटलं ते आठ नव्हतं. खाली गोंधळ चालला होता आणि माझं माउंटिंग तुमच्यापासून तो झाकत होतं. म्हणजे थोरला महिनाभर जे बोंबलत होता तेच खरं, हे याच्याच तोंडून, थोरल्याच्या देखत, आणि वर बोटही मोडलेलं.

थोडं थांबू, त्याने ठरवलं. मालक एकेक काढून बघणारच आहेत. आपोआप कळेल. कुणाच्याही तोंडून न कळता कळेल.

"ए," मागून थोरला म्हणाला. त्याचा तळवा अजून भिंतीवर होता. "भिंत थरथरतेय."

"रोलरचं बेअरिंग असेल."

"कालपर्यंत नव्हती."

"बेअरिंग काय विचारून खराब होतं का, दादा?"

इंजिन चालू होतं म्हणून या उत्तराला मार बसला नाही. थोरला पुटपुटला, पण त्याने हात भिंतीवरून काढला. स्क्रीन सपाट दाखवतेय आणि सासरा आठ दाखवतोय, तिथे भिंतीचं कोण ऐकतो.

आकडा तीन चतुर्थांशावर गेला. धाकट्याचं बोट बटणावर आलं, टेकलं आणि तिथेच राहिलं. बटण गुळगुळीत होतं. त्याला धाकटी आठवली, झाकण आठवलं, काचेची केबिन आठवली. गाडीत मालकांच्या चेहऱ्यावर असं काही पसरत होतं जे त्याने त्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिलं नव्हतं. म्हातारा सुखात होता. त्याने डोळे मिटूनच पाय आणखी दाबला, मोठ्या रस्त्यावर धावतात तेवढा वेग घेतला, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून, सगळी बोटं पसरून, काचेतून दाखवली.

दहा.

कुणी बंदूक रोखल्यावर हात वर करतात तसे ते दिसत होते.

आवाज एकच झाला, पण त्यात बरंच काही होतं. पिन तुटली. लोलक सुटला. गिअरबॉक्सचं बिडाचं जाड झाकण त्याने अंड्याच्या कवचासारखं फोडलं, गाडीचा पत्रा वर फाडला आणि पेडलच्या जागेतून तो आत शिरला. दुसरा लोलक खालून गेला, रोलरवर आदळला आणि जाड काचेला येऊन लागला. काच फुटली नाही, नुसती एका क्षणात पांढरी झाली. त्या पांढरेपणातून आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. इंजिनाचं किंचाळणं आधी थांबलं. मालकांचं नंतर.

धाकट्याने तेव्हा बटण दाबलं. इंजिनाने त्याची वाट पाहिली नव्हती.

थोरला केव्हाच आत गेला होता. चेमटलेलं दार त्याने चौकटीसकट ओढलं. तळहातांची सालं पत्र्याला चिकटून राहिली. आतून त्याने सासऱ्याला कवेत बाहेर काढलं. उजव्या पायाच्या घोट्याखाली कापडी बूट होता, पण त्यात जे होतं त्याला पाय म्हणायला जीभ वळत नव्हती. रक्त गरम तेलात मिसळून मोरीकडे चाललं होतं. स्टोअरकीपर टिंक्चरची बाटली घेऊन धावत आला, त्याने पायाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि बाटली पुन्हा खिशात टाकली. मग त्याने स्वतःचा पट्टा काढून मालकांच्या पोटरीला आवळला.

धाकटा कोपऱ्यात मार खायला तयार उभा होता. इंजिन बंद होतं. नियमात बसत होतं. पण थोरला त्याच्याकडे आलाच नाही. तुटलेल्या पिनेचा तुकडा जमिनीवर पडला होता, तो त्याने उचलला, निरखला, आणि भिंतीकडे जाऊन आपलं कपाळ तिच्यावर आपटायला लागला. एकदा, पुन्हा, पुन्हा. रंगवलेल्या अक्षरांवर ओला डाग उमटला.

"माझी पिन," तो म्हणत होता. "माझी पिन गेली. मी मारलं म्हाताऱ्याला."

धाकट्याला बोलता आलं असतं. तो मूग गिळून बसला. एखादं माणूस स्वतःलाच मारत असेल तर मध्ये पडू नये, असं त्याने स्वतःला समजावलं.

हॉस्पिटलात मालक शुद्धीवर आले ते भांडणाच्या तयारीतच. पाय घोट्यापासून काढावा लागला होता. दोन्ही मुली पलंगाच्या दोन बाजूंना होत्या आणि बापाच्या अंगावरून एकमेकींना "तुझ्या नवऱ्याने" असं म्हणत होत्या. एका नर्सने दोघींना दोनदा बाहेर काढलं होतं आणि दुसऱ्यांदा तिच्या हातावर ओरखडे उठले होते.

थोरला पुढे झाला. कपाळावर टाके, तळहातांना पट्ट्या. "मामा, पिन माझी होती. मारा मला."

मालकांनी पडल्या पडल्या मारली. बारीकशी, सलाइनची नळी सांभाळून. थोरला रडायला लागला. एवढी हलकी चापट त्याला त्या घरात कधी मिळाली नव्हती.

"लोखंड तुटतं," मालक म्हणाले. "लोखंडाचं काय घेऊन बसलास. पण तुटायच्या आधी ते बोलतं. जन्म गेला माझा त्याच्या बोलण्यावर. आधी कुरकुरतं, मग चिडतं, मग ओरडतं, मग तुटतं. परवा मात्र माझ्या ढुंगणाखाली ते एक अक्षर बोललं नाही." त्यांनी मान वळवली. "त्याचं तोंड कुणी दाबलं होतं?"

धाकटी एकदम गप्प झाली. थोरलीही.

"भिंत थरथरत होती," थोरला सावकाश म्हणाला. गोष्टी त्याच्या डोक्यात उशिरा पोचायच्या, पण पोचल्या की मुक्कामाला राहायच्या. "मी याला म्हणालो होतो. हा म्हणाला, बेअरिंग."

सगळे धाकट्याकडे बघायला लागले. नाही म्हणणं सोपं होतं. तो आकडा त्याच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. पिन तुटली होती थोरल्याची. सीट होती शांत, दहा गुणांची. एक 'नाही' म्हटलं की खुर्ची त्याची, आणि घरी हेल्मेट लागणार नव्हतं. त्याने तोंड उघडलं. पण मालक ज्या नजरेने पाहत होते ती नजर सीटमधल्या परीक्षेची होती: डोळे अर्धे मिटलेले, अंगाने ऐकणारी. त्या नजरेपुढे त्याच्या हनुवटीला कंप सुटला, आणि तिथे माउंटिंग नव्हतं.

"दिसत होतं," तो म्हणाला. "जोर चढत होता. बोट बटणावर होतं माझं."

"मग दाबलं का नाहीस?"

"दाबलं असतं तर इंजिन थांबलं असतं. इंजिन थांबलं असतं तर दादांनी बोट मोडलं असतं."

दुसऱ्या कुठल्याही कुटुंबात या उत्तरावर लोक भडकले असते. इथे ते सगळ्यांना पटलं. थोरलीने मानसुद्धा डोलावली. अशा वेळी माणूस दुसरं काय करणार?

थोरल्याने धाकट्याचा उजवा हात आपल्या पट्ट्यांच्या हातात घेतला, जवळजवळ मायेने, तर्जनी वेगळी काढली आणि मोडली. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. धाकटा पलंगाच्या लोखंडी कठड्याला धरून खाली बसला. "प्लास्टर खालच्या मजल्यावर घालतात," धाकटी म्हणाली. तिने उजवा हात उगारला होता, पण तो तिने परत पदराखाली घेतला.

"झालं?" मालकांनी विचारलं. "आता ऐका. तो भिंतीवरचा नियम पुसून टाका."

"म्हणजे बाबा," धाकटीने जरा आशेने विचारलं, "यापुढे मारायचं नाही?"

"यापुढे कधीही मारायचं. चालू असताना, बंद असताना. बटणाच्या भीतीने कुणी बसून राहायला नको." ते दमले. डोळे मिटून बोलत राहिले. "खुर्ची थोरल्याला."

"पण पिन याची तुटली!" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं. बोट धरूनच तो उभा राहिला. "मामा, तुम्हीच दहा दिलेत मला! दोन्ही हातांनी!"

"दिले. सीटला दिले," मालक म्हणाले. "थोरल्याचं काय तुटलं ते साऱ्या कारखान्याला कळलं. तुझं काय तुटलंय, ते तू अजून कुणाला कळू दिलेलं नाहीस. असल्या माणसाला खुर्चीत बसवून मी उरलेला पाय कुठे ठेवू?"

मालकांनी कूस बदलली. विषय संपला.

धाकटी त्याला घरात घेते की नाही, हा प्रश्न परस्पर सुटला. तिने घेतलं. फक्त ती बोलत नसे, आणि भांडी फार सांभाळून ठेवायची. झाकणं एकावर एक, आवाज न करता. पहिल्यापहिल्यांदा त्याला ते बरं वाटलं.

थोरला माडीवरच्या केबिनमध्ये गेला आणि दुसऱ्याच दिवशी खाली आला. खुर्चीच्या दोन हातांत त्याचं अंग मावत नव्हतं. त्याने जाड पिना करवून घेतल्या, आणि माउंटिंग काढा असं तो म्हणेल अशी सगळ्यांची खात्री असताना म्हणाला, "राहू दे. पण त्याला लगाम घाल. अर्ध्याच्या वर जोर लागला की त्याने झाकणं सोडायचं. सगळा हादरा वर येऊ दे. बसलेल्याला कळू दे."

"तशाने गुण कमी पडतील, दादा."

"पडू देत. तूच बसणार आहेस."

म्हणून त्या दुरुस्त गाडीत धाकटा बसला. काच नवी होती; पलीकडे थोरला बटणापाशी उभा दिसत होता, पंजा बटणावर पसरून. इंजिन सुरू झालं, दोन सिलिंडरं झोपली, सीट शांत. बराच वेळ शांत. मग जोर अर्ध्यावर गेला असावा, कारण माउंटिंगने हात सोडले, आणि इंजिन माकडहाडातून मानेपर्यंत एका झटक्यात त्याच्या अंगात शिरलं. दात वाजले. तो ओरडला की नाही ते त्यालाही कळलं नाही. थोरल्याने बटण त्याच्या आधी दाबलं होतं.

फ्लायव्हील उघडलं. एका नव्या पिनेवर केसासारखी चीर होती.

धाकटा गाडीतून उतरून उभा राहिला. डोकं किंचित खाली, गाल पुढे, डोळे बारीक. मार कुठून येईल याचा अंदाज घेऊन अंग चोरायची त्याला आता सवय होती. थोरला जवळ आला. त्याने पिन उजेडात धरून पाहिली. मग धाकट्याकडे पाहिलं.

"काय उभा आहेस? दुसरी पिन आण. या वेळी कडा गोल करून घे."

तो गेला. पिन आणली, कडा घासल्या. प्लास्टरमधलं बोट ताठ बाहेर ठेवून त्याने फ्लायव्हील जोडलं. थोरला त्याच्या मागून दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा धाकट्याचे खांदे कानांपर्यंत आले. काहीच झालं नाही. मग इंजिन सुरू झालं. पूर्वी त्या आवाजासरशी त्याची मान मोकळी व्हायची. ती आता झाली नाही. भिंतीवर नवा पांढरा रंग दिला होता, आणि थोरला कुठल्याही क्षणी मागून येऊ शकत होता.